चार इंचांचा हौदा

साठपट लहान पैलवानाला किती लंगोट लागतो, हा प्रश्न कोल्हापुरात विचारून बघा. समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग दंडाकडे बघतो, आणि दंडात काही नाही याची खात्री झाली की मायेनं विचारतो, "कुणाच्या नादाला लागलायस, भावा?"

मी भाच्याच्या नादाला लागलो होतो. मामा या प्राण्याची घडणच अशी आहे, की भाच्यानं काही मागितलं की तोंडातून 'हो' आधी बाहेर पडतं आणि 'काय?' मागाहून.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. आक्का आणि तो वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. पण मोठं टेबल माझ्याकडे असल्यामुळे शनिवारी रात्री त्याची मित्रमंडळी माझ्याकडे उतरतात. टेबलावर चौकटी आखलेला कागद पसरतात, चिवड्याची पिशवी फोडतात आणि मध्यरात्रीपर्यंत "तुला विष चढलंय", "तुझ्याकडं किती सोनं उरलं?" असं एकमेकांना गंभीरपणे विचारत बसतात. मला आधी वाटलं, पोरं जुगार खेळतायत. फासे होतेच. पण पैसा कुठं दिसेना, आणि जुगारात इतकी हिशेबाची कागदं लागत नाहीत. मग कळलं की याला डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला, आणि त्यात कुणी जिंकत नाही.

"कुणी जिंकत न्हाई, तर मग खेळता कशाला?"

"गोष्ट पुढं जाते, मामा."

शाहू स्टेडियमवर दोन पेठांची फुटबॉल मॅच बघत वाढलेल्या माणसाला हे उत्तर पचायला जड जातं. आमच्याकडे मॅचमध्ये गोष्ट पुढं जात नाही, मॅच संपल्यावर जाते, आणि कधी कधी पोलीस चौकीपर्यंत जाते.

खेळाची रीत अशी. एकानं सूत्रधार व्हायचं. तो सांगणार, समोर दार आहे, दाराआडून गुरगुर ऐकू येतेय, काय करता? बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी चेटकीण. प्रत्येकाची ताकद, चपळाई आणि अक्कल कागदावर आकड्यांत लिहिलेली. (अक्कल आकड्यांत लिहून गळ्यात अडकवण्याची पद्धत आमच्या बँकेत आली असती, तर बढत्यांचं काम फार सोपं झालं असतं.) मग काहीही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर राक्षस गार, एक पडला तर आपण आपल्याच पायात पाय अडकून तोंडावर.

तर एका शनिवारी भाचा म्हणाला, "मामा, आम्हाला एक खोली पाहिजे."

"भाड्यानं?"

"न्हाई ओ. एवढी," असं म्हणून त्यानं हातानं परातीएवढा आकार दाखवला.

परदेशातली माणसं असल्या खोल्या घरी बनवतात. भाच्यानं मला व्हिडिओ दाखवले. त्यात एक दाढीवाला गृहस्थ फोमच्या तुकड्यावर दगड कोरतो, शेवाळ लावतो, मशाल पेटवतो आणि शेवटी, त्या खोलीकडे बायकोनं एकदा तरी बघावं अशा नजरेनं, माझ्याकडे बघतो. भाच्याला तशीच खोली हवी होती. जमिनीखालची, अंधारी, जाड दगडी भिंतींची. दार इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागेल. कोनाड्यात एखादं दैवत. भिंतीला टेकवून ठेवलेली जड शस्त्रं. मधोमध खड्डा, आणि खड्ड्यात घामानं निथळणारे, हुंकार देणारे, अवाढव्य अंगाचे राक्षस.

"म्हणजे तालीम की रं," मी म्हणालो.

भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, नाद खुळा!" आणि मी अडकलो.

माझा आणि तालमीचा संबंध सांगून टाकतो. लहानपणी वडिलांनी मला एकदा तालमीत नेऊन उभं केलं होतं. तिथल्या वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वडिलांचा पगार विचारला, आणि या अंगावर मांस चढवायला जेवढे बदाम लागतील तेवढे तुम्हाला झेपणार नाहीत, असं प्रेमानं सांगून आम्हा दोघांनाही घरी पाठवलं. पण कोल्हापूरच्या माणसाला 'तालमीतलं मला काही कळत नाही' असं म्हणता येत नाही. रहिवासी दाखला रद्द होईल.

या खेळात एक इंच म्हणजे पाच फूट. म्हणजे सगळी दुनिया साठपट लहान. सहाफुटी पैलवान होतो सव्वा इंचाहून जरा कमी, कुस्तीचा वीस फुटी हौदा होतो चार इंचांचा. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की उठत नाही. मला दिसेल त्या वस्तूला साठानं भागायची खोड लागली. रंकाळा भागून झाला, अंबाबाईच्या देवळाची शिखरं भागून झाली. बँकेत साहेब रागावले तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात साठानं भागलं. फार बरं वाटलं.

अडचण अशी की आपल्याकडे प्रमाणाचं शिक्षण दिवाळीतल्या किल्ल्यावर झालेलं असतं. तिथं मावळा बुरुजाएवढा, वाघ हत्तीएवढा, गवळणीच्या डोक्यावरचा हंडा गडावरच्या तळ्यापेक्षा मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांहून मोठे. ते बरोबरच आहे. त्या किल्ल्यात प्रमाण फुटांत मोजत नाहीत, मानात मोजतात. अळिवाचं रान उगवलं की मावळे कमरेपर्यंत झाकले जातात, तेव्हा कुठं ते जरा आवाक्यात येतात. या शाळेत शिकलेल्या माणसाला साठानं भागायला सांगणं क्रूरपणाचं आहे.

आक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं, "वय काय तुझं?" तेव्हा मी तयारीत होतो. म्हटलं, एच. जी. वेल्स नावाच्या जगप्रसिद्ध लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांची लढाई कशी खेळावी यावर 'लिटल वॉर्स' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा तो सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि जमिनीवर रांगत शिशाच्या शिपायांवर खेळण्यातली तोफ डागत होता.

"त्याला बहीण नसंल," आक्का म्हणाली.

मग मी लुटियन्स काढला. दिल्लीतलं राष्ट्रपती भवन ज्यानं उभारलं, त्याच एडविन लुटियन्सनं त्याच काळात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी बाहुलीघर बांधलं. १९२१ ते १९२४ चांगली तीन वर्षं ते काम चाललं. बारापट लहान. त्यात वीज आहे, चालू लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी दारू आहे, आणि ग्रंथालयातल्या इवल्या पुस्तकांत कॉनन डॉयलनं मुद्दाम लिहून दिलेली शेरलॉक होम्सची गोष्टही आहे.

"नळाला पाणी?" आक्काचं लक्ष तेवढ्यावरच गेलं. आमच्याकडे त्या दिवशी आलं नव्हतं.

लुटियन्सच्या दिमतीला देशभरातले कारागीर होते. माझ्याकडे फेव्हिकॉल होता. थर्माकोलही नव्हता, कारण २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबरोबर त्याच्या सजावटीवरही बंदी आली. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात मी "थर्माकोल आहे का?" असं विचारलं, तर दुकानदारानं आधी माझ्या मागं कोण आहे ते पाहिलं. शेवटी शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीच्या खोक्यातून चार तुकडे मिळाले. कोरले, सांधले, झकास भिंती उभ्या केल्या. रात्री दहाला राखाडी रंगाचा स्प्रे मारला. स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं, हे शास्त्र मला भिंत डोळ्यांदेखत खाली बसू लागल्यावर समजलं. खिडकी वितळून दाराला मिळाली. दार जमिनीला मिळालं.

भाचा खाली आला. बघतच राहिला. "भारी, मामा! पडक्या तळघराचा फील आला."

या पोराची हीच तऱ्हा. त्याच्यापुढं कोणतीही दुर्घटना ठेवा, तो तिचा खेळात उपयोग सांगतो. त्याला रागवायचं तरी कसं?

दुसऱ्या खेपेला जाड पुठ्ठा घेतला, रिकाम्या बॉलपेननं दगडांच्या रेघा दाबल्या, वरून काळ्या रंगाचं पाणी सोडलं. ते मात्र जमलं. दिवाळीच्या माळेतला एक बल्ब काढून मारुतीच्या कोनाड्यात बसवला. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा हातानं तयार केला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' काढला. मी त्याच हवेत वाढलेला, मला एक बल्ब काय अवघड? बल्ब लागला. फक्त ती माळ लुकलुकणारी होती, त्यामुळे मारुतीराया दर सेकंदाला दिसू आणि अंतर्धान पावू लागले. भाचा म्हणाला, "जादूचा दिवा!" आक्का म्हणाली, "लोडशेडिंग."

आता पैलवान. गंगावेशीकडं कुंभार गल्लीत गेलो. श्रावण चालू होता, म्हणजे तिथं माणसाला माणूस ओळखत नाही. एक कारागीर शिडीवर चढून दहाफुटी गणपतीचे डोळे रेखत होते. खालून विचारलं, "सव्वा इंचाचा पैलवान करून द्याल?"

"सव्वा फूट?"

"इंच."

त्यांनी कुंचला थांबवला. वरून माझ्याकडे पाहिलं. त्या उंचीवरून मी आधीच साठपट लहान दिसत असणार. "दिवाळीला या," ते म्हणाले. "मावळा देतो. धोतर तेवढं तुमचं तुम्ही सोडवा."

शेवटी भाच्याचा उद्यमनगरातला मित्र मदतीला आला. त्याच्या वडिलांचं वर्कशॉप आहे, आणि कोपऱ्यात थ्रीडी प्रिंटर. त्यावर जगातलं काहीही छापून मिळतं, फक्त त्याची फाईल कुणीतरी आधी केलेली पाहिजे. आम्ही शोधलं. सांगाडे होते, परी होती, बुटके दाढीवाले होते, तीन डोक्यांचा कुत्रा होता. कोल्हापुरी पैलवान नव्हता. साऱ्या जगानं मिळून आमच्याकडे इतकं दुर्लक्ष केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. अंगलटीनं सगळ्यांत जवळचा निघाला तो ऑर्क नावाचा राक्षस. मान नाही, मांड्या झाडाच्या, कान मुडपलेले. अर्धा पैलवान तयारच होता. उरलेल्या अर्ध्यात दोन शिंगं, दोन सुळे आणि एक कुऱ्हाड.

शिंगं नेलकटरनं निघाली. एक सुळा निघाला. दुसरा जबड्यासकट निघाला, म्हणून तिथं ब्रशाचे केस चिकटवून झुबकेदार मिशी लावली. कुऱ्हाड हातातून सुटेना, तेव्हा तिला एम-सीलचा गोळा लावून गदा केली. राहिला लंगोट. आक्काचं लाल नेलपॉलिश घेऊन भिंग लावून बसलो. लंगोट रंगवायला गेलो, त्याची चड्डी झाली. चड्डीची कड सरळ करायला गेलो, लुंगी झाली. लुंगी खरवडताना पैलवानाचा एक पाय गुडघ्यातून सुटला आणि पायपुसण्यात हरवला.

"मी सगळं फेकून देतो हं आता," आक्का म्हणाली. पाय तिच्याच टाचेला चिकटून सापडला.

तोवर मातीचा विषय निघालाच नव्हता. आमच्या शेजारी एक निवृत्त पैलवान राहतात. सगळी पेठ त्यांना वस्ताद म्हणते. रोज सकाळी ते माझा पेपर वाचायला येतात आणि मला बातम्या सांगून पेपर परत देतात. त्या दिवशी त्यांची नजर टेबलावर पडली.

"हे काय हाय?"

"तालीम, वस्ताद."

"कुठली?"

हा प्रश्न साधा नाही. कोल्हापुरात 'कुठलीतरी' तालीम नसते. एकीचं नाव घेतलं की दुसरीची माणसं बोलायची बंद होतात. मी म्हणालो, "काल्पनिक." वस्तादांना हा शब्द मुळीच आवडला नाही. त्यांनी खाली वाकून हौद्यात बोट घातलं. मी कुंडीतली माती भरली होती.

"ही माती न्हवं. हा चिखल हाय."

दुसऱ्या दिवशी ते कागदाच्या पुडीत खरी तांबडी माती घेऊन आले.

"तालमीतनं आणली?"

"व्हय. खुर्च्या सरकवून काढली."

साठाचा हिशेब इथं उलटा फिरला. मातीचा एक मिलिमीटरचा खडा पैलवानाच्या दृष्टीनं सहा सेंटिमीटरचा धोंडा होतो. त्यावर पाठ टेकली तर कुस्ती संपते आणि हाडवैद्य सुरू होतो. म्हणून माती आधी मैद्याच्या चाळणीतून, मग मलमलीतून गाळली. मला वाटलं, झालं. वस्ताद म्हणाले, "आता हळद आण."

तालमीच्या मातीत हळद असते, कापूर असतो, लिंबू, तेल आणि ताक असतं. माती मऊ राहते, अंगाला बाधत नाही, खरचटलं तर जखम चिघळत नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण इथं खरचटणार होतं ते प्लॅस्टिकच्या ऑर्कला. तसं म्हणून पाहिलं. वस्ताद शांतपणे म्हणाले, "पैलवान कसला का असंना, माती मातीसारखी पायजे." मी चिमूटभर हळद, कापराची पूड, लिंबाचे थेंब, चमचाभर तेल आणि दोन चमचे ताक घातलं, टूथपिकनं कालवलं. खोलीला खरोखर तालमीचा वास आला. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण काहीतरी केलं असं वाटलं.

मग पाऊस लागला. कोल्हापूरचा श्रावण आणि ताक यांचं जे व्हायचं तेच झालं. चार दिवसांत हौद्यावर पांढरी बुरशी आली. "शापित माती!" भाचा आनंदानं ओरडला आणि वहीत लिहून घेतलं. बुरशी खरवडली, तर तेलावर मुंग्या आल्या. पाच मिलिमीटरची मुंगी म्हणजे साठाच्या हिशेबानं फूटभर लांब. भाच्यानं त्यांनाही खेळात घेतलं, प्रत्येकीला ताकद लिहून दिली. वस्तादांनी नुसता कापूर वाढवला. शिवाय माती रोज उकरावी लागते, नाहीतर ती बसते. ज्या माणसानं जन्मात एक जोर काढला नाही, तो रोज पहाटे सहाला उठून हेअरपिननं चार इंचांचा हौदा उकरू लागला. मागं वस्ताद उभे. "कोपरा राहिला."

एव्हाना बातमी कट्ट्यावर पोचली होती. कोल्हापुरात माणूस एकटा काही करत असला की लोकांना त्याची दया येते, ते मदतीला येतात. एक जण म्हणाला, छत कुठाय? म्हटलं, छत घातलं तर खेळणाऱ्यांचा हात आत कसा जाणार? "मग पावसात माती भिजंल की." दुसऱ्यानं फुटबॉलचा कप कुठं आहे ते विचारलं. इथल्या तालमींचे संघ फुटबॉल खेळतात, तेव्हा कपाटात कप नसेल ती तालीम कसली? औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी सोलून कप केला. तिसरे म्हणाले, माती काढून गादी टाक, ऑलिंपिकला गादीच असते. खाशाबा जाधव कोल्हापुरातच शिकले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्य पदक घेऊन आले, ते गादीवरच. यावर वस्ताद उठून उभे राहिले. 'महाराष्ट्र केसरी'त माती आणि गादी असे दोन्ही विभाग ठेवून शेवटी एकमेकांशी लढवतात, तोच तोडगा माझ्या जिन्यात बराच वेळ चालला.

चौथ्यांचं म्हणणं, तालीम कशाला, खासबागच कर. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, रोमचं ते जुनं मैदान त्यांच्या मनात भरलं, आणि १९१२ पर्यंत त्यांनी इथं कुस्तीचं मैदान उभं केलं. "राजाची दृष्टी मोठी असती," ते म्हणाले आणि माझ्या टेबलाकडं बघून उसासा टाकला.

मी दाराबाहेर चपला मांडल्या होत्या. जुन्या पाकिटाचं कातडं कापून केलेल्या, पाच मिलिमीटरच्या कोल्हापुरी, अंगठ्यासकट. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ साली प्राडानं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल आणली, तेव्हा देशभर रान पेटलं. माझ्या चपलांवर एवढीच प्रतिक्रिया आली: "कर्रकर्र वाजत न्हाईत."

सगळ्यांत महाग पडला तो मारुती. त्याचं तोंड दक्षिणेला पाहिजे, यावर सर्वांचं एकमत झालं. कोल्हापुरात एकमत होण्याचा प्रसंग क्वचित येत असल्यामुळे मला विरोध करवेना. कोनाडा पक्का चिकटलेला होता, म्हणून खोली फिरवली. खोली टेबलाबाहेर जाऊ लागली, म्हणून टेबल फिरवलं. मोबाईलवर होकायंत्र लावून टेबल जिथं बरोबर बसलं, तिथं आता फ्रिज उघडत नाही.

अखेर खेळाचा शनिवार उजाडला. मी नियम सांगितले. हात धुवायचे. चिवडा नाही. कोपर टेकायचं नाही. खोलीला हात लावायचा नाही.

"मामा, मग खेळायचं कसं?"

"लांबनं."

इतक्या कष्टांनी केलेली वस्तू वापरायची, हा विचारच मला रानटी वाटू लागला होता. आमच्या घरात काचेच्या कपाटात सहा कपांचा सेट आहे, आक्काच्या लग्नातला. त्यात आजवर चहा पडलेला नाही. त्याच कपाटात खोली ठेवावी असं मी सुचवलं, पण मारुतीचं तोंड पश्चिमेला झालं असतं.

पोरं बसली. वस्ताद आणि कट्ट्यावरचे दोघं खुर्च्या घेऊन मागं बसले. भाच्यानं आवाज खोल केला: "तुम्ही भुयारातून खाली उतरलात. समोर तांबड्या मातीचा हौदा. त्यात रक्षक उभा आहे. हातात गदा. अंगावर..." त्यानं जरा वाकून पाहिलं, "...लुंगी."

चेटकीण झालेली मुलगी म्हणाली, "मी आगीचा गोळा टाकते."

"थांब," मागून वस्ताद म्हणाले. "तालमीत आग? मारुतीसमोर?"

"पण आजोबा, माझ्याकडं तो मंत्र आहे."

"असू दे की. मंत्र भाईर ठेव, चपलंशेजारी. कुस्ती धर."

भाच्यानं नियमांचं पुस्तक चाळलं. कुस्ती धरता येते, असं त्यात निघालं. पोरीच्या कागदावर ताकद आठ होती.

"ताकद कागदावर लिवायची?" वस्तादांनी विचारलं. "आन् हे जोर काढून काढून आमचे गुडघे गेले ते?"

तिनं फासा टाकला. फासा कागदावरून उसळला, भिंतीवरून उडाला आणि हौद्यात पडला. वीस बाजूंचा फासा, मऊ गाळलेली माती, वर ताक आणि तेल. तो आडवा पडलाच नाही. एका कोनावर मातीत रुतून उभा राहिला. या बाजूनं बघितलं तर सतरा, त्या बाजूनं तीन. पोरं आपापल्या बाजूनं ओरडू लागली. भाचा पुस्तक चाळत होता. गायगॅक्स आणि आर्नेसन यांना ताकाची कल्पना नसावी.

वस्ताद उठले. मोबाईलची बॅटरी लावली, गुडघ्यांचा विचार न करता खाली बसले, टेबलाला डोळा लावला. खोलीत शांतता.

"चितपट न्हाई," त्यांनी जाहीर केलं. "पाठ लागली न्हाई. कुस्ती चालू!"

फासा काढायला मुलीनं हात घातला, तर ते म्हणाले, "आधी पाया पड." तिनं मातीला बोट लावून कपाळाला लावलं, मग फासा उचलला. पुन्हा टाकला. पुन्हा रुतला. "चालू!" मागचे दोघंही आता उभे होते. "पट काढ त्येचा!" "पटाला जाऊ नगंस, ढाक लाव!" "घिस्सा! घिस्सा मार!"

"ढाक मारली तर किती नुकसान धरायचं?" भाच्यानं पेन उघडून विचारलं.

"समदं," वस्ताद म्हणाले.

खेळात चार पात्रं होती. चोर दाराबाहेर चपला राखत बसला, बाकी दोघांना वस्तादांनी एकावर तिघं नको म्हणून हौद्यात उतरूच दिलं नाही. रात्री बारा वाजता आक्का वरून ओरडली. वस्तादांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, आपल्या रुमालाची चिंधी फाडून ऑर्कला फेटा बांधला आणि पोरीच्या हातात दहाची नोट ठेवली. गोष्ट तसूभरही पुढं सरकली नव्हती. पुढच्या शनिवारी मागच्या खुर्च्या सात झाल्या.

त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष आले. सोबत चार कार्यकर्ते. तालमीसमोर दरवर्षी गणपतीचा मांडव पडतो, त्याच्या देखाव्याचा विषय अजून ठरायचा होता. अध्यक्षांनी खोलीभोवती तीन फेऱ्या मारल्या, कप पाहिला, चपला पाहिल्या. फेटेवाल्या ऑर्ककडे बघून विचारलं, "हे कुठले पैलवान?"

"बाहेरगावचे," मी म्हणालो.

"जगात भारी झालंय. आवंदा हाच देखावा. फक्त जरा मोठा करायचा."

"किती मोठा?"

"माणूस आत जाऊन कुस्ती बघून भाईर येईल, एवढा."

मी साठानं गुणलं. "अध्यक्ष, तेवढी तर खरी तालीमच आहे. मांडवाच्या मागं. तीच उघडा की."

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी समजावून सांगितलं, "मामा, तिथं जागा कुठाय? मंडळाच्या खुर्च्या हायत, मांडवाचे बांबू हायत, गेल्या साली केलेला राजवाडा हाय."

भाचा तोवर मोबाईलवर आकडेमोड करत होता. लांबी साठपट, रुंदी साठपट, खोली साठपट, म्हणजे माती दोन लाख सोळा हजार पट. "आपण दोन चमचे ताक घातलं होतं, मामा. तिथं दोन हजार एकशे साठ लिटर लागंल."

मला वाटलं, सुटलो. अध्यक्षांनी आकडा ऐकला, एका कार्यकर्त्याला वहीत लिहायला लावला आणि खिशातून फोन काढला.

"ताकाचं बघतो आम्ही. दूध संघात आपला माणूस हाय. मारुती तेवढा दक्षिणेला ठेवा."